आमिषाचा इतिहास : मिनिकॉय बेटावरील होंदेली मासा आणि त्याविषयीच्या ज्ञानाची वाटचाल

प्रस्तावना

सागरी मासेमारीचा इतिहास हा बहुतांशी बाजारात पोहोचलेल्या माशांचा इतिहास आहे. ज्या माशाला भाव होता, ज्यावर कर बसला, जो सुकवून वा खारवून परमुलखात गेला, त्याच्या नोंदी प्रवासवर्णनांत, व्यापाऱ्यांच्या वह्यांत आणि सरकारी अहवालांत सापडतात. परंतु काही मासे असे आहेत की ते पकडले जातात, जिवंत ठेवले जातात आणि त्याच दिवशी पुन्हा समुद्रात फेकले जातात. ते कोणत्याही बंदरावर उतरत नाहीत, तराजूत पडत नाहीत आणि म्हणून कागदावरही येत नाहीत. लक्षद्वीप समूहाच्या दक्षिण टोकाला असलेल्या मिनिकॉय बेटावर ‘होंदेली’ या नावाने ओळखला जाणारा, प्रवाळभित्तींच्या आश्रयाने राहणारा, बोटाएवढा मासा हा अशांपैकी एक होय. शास्त्रीय परिभाषेत त्याचे नाव स्प्राटेलॉइडिस डेलिकॅट्युलस असे आहे. ज्या गणात कोकणातील वाचकाला परिचित असलेली तारली, पाला आणि मांदेली मोडतात, त्याच गणातील हा मासा आहे.

मिनिकॉय आणि त्याच्या दक्षिणेकडील मालदीव बेटांची कुप्याची (टुना) मासेमारी काही शतके जगप्रसिद्ध आहे. ही मासेमारी काठी आणि गळ यांच्या साहाय्याने होते व तिला जिवंत आमिष अपरिहार्य असते. जिवंत आमिष नसेल तर कुप्याचा थवा नावेसमोर असूनही मच्छीमार हात हलवीत परततो. असे असताना कुप्याविषयी जेवढे लिहिले गेले त्याच्या शतांशानेही या लहान माशाविषयी लिहिले गेले नाही. प्रस्तुत लेखात या विषमतेचा मागोवा घेतला आहे. होंदेलीची जीवशास्त्रीय वैशिष्ट्ये शास्त्रज्ञांना केव्हा व कशी समजली आणि तीच वैशिष्ट्ये मच्छीमारांच्या रोजच्या कृतीत आधीपासून कशी सामावलेली होती, हा या विवेचनाचा गाभा आहे.

बेट आणि त्याचे पाणी

लक्षद्वीपचा एकूण भूभाग जेमतेम ३२ चौरस किलोमीटर आहे, तर प्रवाळभित्तींनी वेढलेले उथळ पाणी, म्हणजे लगून अथवा खारकच्छ, सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर भरते. बेटांचा खरा मुलूख पाण्याखाली आहे, असे म्हणावयास हरकत नाही. मिनिकॉय हे या समूहातील सर्वांत दक्षिणेचे बेट. उत्तरेला नऊ अंशांची खाडी त्याला उर्वरित लक्षद्वीपपासून तोडते आणि दक्षिणेला आठ अंशांची खाडी मालदीवपासून. भाषेने मात्र ते मालदीवला जोडलेले आहे. इतर बेटांवर मल्याळमचा एक प्रकार बोलला जातो, तर येथे ‘महल’ ही मालदीवच्या धिवेही भाषेची बोली चालते. माशांची नावे, नावेची नावे, सुकविलेल्या माशाचे नाव ही सारी याच भाषेतली आहेत. सोळाव्या शतकात हे बेट कण्णूरच्या अली राजांच्या ताब्यात गेले. १८७५ मध्ये ब्रिटिशांनी थकबाकीपोटी त्याचा कारभार आपल्याकडे घेतला. स्वातंत्र्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी ही बेटे केंद्रशासित प्रदेश झाली आणि १९७३ मध्ये त्यांना लक्षद्वीप हे नाव मिळाले.

बेटाच्या पश्चिमेला विस्तीर्ण लगून आहे. तेथील वाळूचे उथळ पट्टे, समुद्री गवत आणि विखुरलेले प्रवाळांचे ढिगारे यांमध्ये आमिषाच्या माशांची वसती असते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशी परिस्थिती जवळजवळ नाही. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात बुडालेली आणि कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक किंवा मालवणजवळचे लहान प्रवाळपट्टे सोडले, तर कोकणच्या मच्छीमाराचा प्रवाळभित्तीशी संबंध येत नाही. म्हणूनच की काय, या प्रकारच्या मासेमारीचे शब्द मराठीत घडलेच नाहीत. कुपा आणि गेदर हे शब्द आहेत. पण त्यांच्यासाठी जिवंत ठेवावयाच्या माशाला ‘आमिष’ या सर्वसाधारण शब्दापलीकडे नाव नाही.

प्रवाशांनी पाहिलेले आणि न पाहिलेले

या प्रदेशातील सुकविलेल्या कुप्याचे सर्वांत प्रसिद्ध जुने वर्णन इब्न बतूता याचे आहे. तो १३४३-४४ च्या सुमारास मालदीवमध्ये होता व तेथे त्याने काजीचे पदही भूषविले. ‘कुल्ब अल-मास’ या नावाने त्याने एका माशाचे वर्णन केले आहे. त्याचे मांस लाल असते, त्याचे चार तुकडे करून ते शिजवितात, ताडाच्या पानांच्या टोपल्यांत ठेवून धुरी देतात आणि पूर्ण वाळल्यावर खातात. तो हिंदुस्थान, चीन आणि येमेन येथे जातो, असे तो सांगतो. म्हणजे चौदाव्या शतकात कुप्याची प्रक्रिया, चव आणि बाजारपेठ एवढे सारे नोंदले गेले. तो पकडला कसा जातो, याकडे मात्र या चौकस प्रवाशाचे लक्ष गेलेले दिसत नाही. काजीला मासा ताटात भेटला, नावेवर नव्हे.

आमिषाचा उल्लेख येण्यासाठी सुमारे अडीच शतके जावी लागली आणि तो उल्लेख एका कैद्यासारख्या परिस्थितीत राहिलेल्या माणसाच्या लेखणीतून आला. फ्रान्स्वा पिरार हा फ्रेंच खलाशी १६०२ मध्ये ‘कोर्बें’ हे जहाज फुटल्यामुळे मालदीवमध्ये अडकला आणि १६०७ पर्यंत तेथेच राहिला. तो तेथील भाषा शिकला. मालदीवचे लोक काठी आणि गळाने मासे धरतात आणि जिवंत बारीक मासळी समुद्रात उधळून मोठ्या माशाला नावेजवळ आणतात, हे त्याने लिहून ठेवले. मिनिकॉयचा ‘मालिकुत’ या नावाने निर्देशही त्याच्या ग्रंथात येतो. पिरारचे निरीक्षण इतरांहून वेगळे का ठरले, याचे कारण त्याच्या सक्तीच्या मुक्कामात असावे. व्यापारी बंदरावर माल उतरल्यावर येतो. पिरार पाच वर्षे त्या लोकांमध्ये राहिला आणि त्याने नावा निघताना पाहिल्या.

एकोणिसाव्या शतकात या पाण्याशी मुंबईचा संबंध आला. मुंबईच्या इंडियन नेव्हीतील अधिकारी रॉबर्ट मोर्सबी यांनी १८३४ ते १८३६ या काळात मालदीवचे जलसर्वेक्षण केले. त्यांच्या पथकातील लेफ्टनंट यंग आणि ख्रिस्टोफर यांनी तेथील रहिवाशांवर लिहिलेला वृत्तांत मुंबईच्या जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे त्याच शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या बोहरा व्यापाऱ्यांनी मालेमध्ये पेढ्या घातल्या आणि सुकविलेल्या कुप्याच्या निर्यातीत मोठा वाटा मिळविला. या व्यापाराचे मोजमाप कुप्याच्या वजनात होत असे. लक्षद्वीपच्या बाबतीत तर प्रशासनाची दृष्टी मुख्यतः नारळ आणि काथ्या यांवर खिळलेली होती, कारण महसूल काथ्याच्या मक्तेदारीतून येत होता. लगूनमधील बारीक मासळीवर कर बसविण्याजोगे काही नव्हते. साम्राज्याच्या कागदपत्रांत तिला जागा नसावी, यात म्हणून आश्चर्य नाही.

नाव मिळाले, ओळख राहिली

गंमत अशी की ज्या काळात प्रशासनाला या माशाची गरज वाटत नव्हती, त्याच काळात युरोपीय प्राणिशास्त्राने त्याचे नामकरण करून टाकले होते. लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीशी संबंधित असलेले एडवर्ड टर्नर बेनेट यांनी मॉरिशसहून आलेल्या नमुन्यांवरून १८३२ मध्ये ‘क्लुपिया डेलिकॅट्युला’ या नावाने त्याचे वर्णन केले. लॅटिन विशेषणाचा अर्थ ‘नाजूकसा’ असा होतो. हाती लागताच खवले गळून पडणारा हा मासा पाहून ते सुचले असावे. बटाव्हियात डच लष्करी वैद्य म्हणून काम करणारे पीटर ब्लीकर यांनी १८५१ मध्ये ‘स्प्राटेलॉइडिस’ ही स्वतंत्र प्रजाती निर्माण केली. तिचा अर्थ ‘स्प्रॅट या युरोपीय माशासारखा’ एवढाच आहे. अशा रीतीने हिंदी महासागरातील एका माशाचे नाव उत्तर समुद्रातील माशाच्या साम्यावरून पडले.

या नामकरणाने माशाचे शरीर समजले, जीवन समजले नाही. बाटलीतील मृत नमुन्यावरून निळसर पाठ, चंदेरी कूस, शेपटीच्या बुडाशी असलेल्या दोन काळसर रेषा, तारलीप्रमाणे धारदार नसून गोलसर असलेले पोट, एवढे सांगता येते. मासा किती जगतो, अंडी कोठे घालतो, दिवसाच्या कोणत्या प्रहरी कोठे असतो, हे त्यावरून कळत नाही. १८९९ मध्ये केंब्रिजचे जे. स्टॅन्ली गार्डिनर मिनिकॉयला आले. त्यांच्या संपादनाखाली १९०१ नंतर क्रमशः प्रसिद्ध झालेला मालदीव व लक्षद्वीपच्या प्राणिजीवनावरील ग्रंथ आजही मूलभूत मानला जातो. त्याचा मुख्य प्रश्न प्रवाळद्वीपे कशी बनतात हा होता. त्या काळात डार्विनच्या उपपत्तीवर वाद चालू होता आणि मिनिकॉय हे त्या वादातील एक साक्षीदार होते. मद्रास मत्स्यविभागाचे जेम्स हॉर्नेल यांनी १९०८ मध्ये मलबार किनारा व लक्षद्वीप असा सागरी दौरा केला, तो या बेटांकडे मासेमारीच्या दृष्टीने पाहणारा आरंभीचा सरकारी प्रयत्न होय. तरीही त्यानंतर पन्नास वर्षे मिनिकॉयच्या आमिषावर स्वतंत्र अभ्यास झाला नाही.

पहाटेचे काम

येथे मच्छीमारांच्या पद्धतीचे वर्णन थोडे विस्ताराने करणे आवश्यक आहे, कारण पुढे शास्त्राने जे सांगितले त्याचा पाया तेथे आहे.

मिनिकॉयची पारंपरिक मासेमारीची नाव ‘मास ओडी’ म्हणून ओळखली जाते. तिच्या मध्यभागी आमिषाचा कप्पा असतो. त्याच्या तळाला भोके असतात व ती बुचांनी बंद करता येतात. बुचे काढली की समुद्राचे पाणी आत येते, जास्तीचे पाणी सतत उपसून बाहेर टाकले जाते आणि अशा रीतीने कप्प्यातील पाणी ताजे राहते. आजच्या भाषेत सांगावयाचे तर तो पंपाविना चालणारा वाहत्या पाण्याचा हौद होय. नाव चालू राहिली पाहिजे आणि उपसणारे हात थांबता कामा नयेत, या दोन अटींवर त्यातील माशांचे प्राण अवलंबून असतात.

आमिष लगूनमध्ये धरले जाते. प्रवाळांच्या ढिगाऱ्यांलगत राहणारे मासे, उदाहरणार्थ ‘नीला माही’ नावाचे निळसर हिरवे क्रोमिस आणि ‘बोडी’ नावाचे कार्डिनल मासे, यांच्यासाठी चौकोनी जाळे पाण्याखाली पसरून त्यावर ठेचलेल्या माशाचा चारा टाकतात. मासे वर जमले की चारही कोपरे एकदम उचलतात. होंदेलीची तऱ्हा निराळी आहे. ती वाळूच्या उथळ पट्ट्यांवर मोठ्या थव्याने फिरते, त्यामुळे तिला जाळ्याने वेढून गोळा करावे लागते. हे करताना जाळे पाण्याबाहेर काढायचे नाही, हा मूळ नियम. मासे पाण्यासकट कप्प्यात घ्यायचे. हवेत उचलले, एकमेकांवर पडले, खवले गळले की ते तासाभरात मरतात आणि मेलेले आमिष कुप्याला ओढत नाही. क्रोमिससारखे टणक मासे तरंगत्या टोपल्यांत ठेवता येतात. होंदेली मात्र साठवणीचा मासा नाही. त्याच दिवशी धरावयाची आणि त्याच दिवशी वापरावयाची.

नाव भित्तीबाहेर जाऊन कुप्याचा थवा गाठते. एक जण कप्प्यातील मासे मूठमूठ पाण्यात फेकतो. इतर जण पाण्यावर फटके मारून शिंतोडे उडवितात, जेणेकरून बारीक मासळीच उसळ्या घेत आहे असे भासावे. कुपे पृष्ठभागावर येऊन अधाशीपणे तुटून पडतात आणि बांबूच्या काठ्यांना लावलेल्या, काटा नसलेल्या चकचकीत गळांना लागून नावेत येऊन पडतात. गळाला आमिष लावलेले नसते. होंदेलीला गळ शिवतही नाही. तिचे काम केवळ भूल पाडणे एवढेच असते. काही मिनिटांत सारा खेळ होतो. कप्पा रिकामा झाला की मासेमारी संपते, मग समोर कितीही कुपे असोत.

या शेवटच्या वाक्याला ऐतिहासिक महत्त्व आहे. मिनिकॉयचा कुपा किती पकडला जावा हे समुद्रातील कुप्यांच्या संख्येने ठरत नव्हते. लगूनमध्ये त्या सकाळी किती आमिष मिळाले आणि कप्प्यात त्यातले किती जिवंत राहिले, यावर ते ठरत होते. मासेमारीवर एक मर्यादा होती. ती कोणत्याही कायद्यात लिहिलेली नव्हती, ती एका नाजूक माशाच्या खवल्यांत आणि एका नावेच्या पोटात होती.

मंडपमहून आलेले शास्त्र

भारतात सागरी मत्स्यसंशोधनाला संस्थात्मक रूप १९४७ मध्ये केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या स्थापनेने मिळाले. तिचे मुख्यालय प्रारंभी मंडपम येथे होते. १९५७ ते १९७० या काळात डॉ. एस. जोन्स हे संस्थेचे संचालक होते. १९५८ मध्ये मिनिकॉय येथे संस्थेचे संशोधन केंद्र सुरू झाले आणि त्याच वर्षी जोन्स यांचा मिनिकॉयच्या जिवंत आमिषाच्या मासेमारीवरील लेख ‘इंडियन जर्नल ऑफ फिशरीज’मध्ये प्रसिद्ध झाला. संचालकपदावरील शास्त्रज्ञाने कुप्यावर नव्हे तर कुप्याच्या आमिषावर लेख लिहावा, ही बाब लक्षणीय आहे. योगायोग असा की लक्षद्वीपच्या मत्स्यसंपदेवरील व्ही. बालन यांची टिपणेही १९५८ मध्येच मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आली.

जोन्स यांनी हा धागा सोडला नाही. १९६० मध्ये त्यांनी होंदेलीवर आणखी टिपणे दिली व लक्षद्वीपच्या समुद्रात तिच्याच प्रजातीतील दुसरा मासा आढळल्याची नोंद केली. त्याला त्यांनी स्प्राटेलॉइडिस जॅपोनिकस म्हटले. आज तो स्प्राटेलॉइडिस ग्रॅसिलिस या नावाने ओळखला जातो. मालदीवमध्ये त्याला ‘रेही’ म्हणतात. जपानच्या कागोशिमा भागात ‘किबिनागो’ या नावाने हाच मासा कच्चा, पानावर सुंदर मांडून खाल्ला जातो. तेथे तो आमिष नसून मेजवानी आहे. १९६२ मध्ये मंडपमला झालेल्या कुपा-बांगडा वर्गीय माशांवरील परिसंवादात जोन्स यांनी मिनिकॉयच्या आमिषमाशांची पाहणी आणि त्यांचा लक्षद्वीपमधील प्रसार यांवर जे मांडले, ते १९६४ च्या परिसंवादवृत्तात छापले गेले. त्यानंतर एम. कुमारन यांच्यासह त्यांनी लक्षद्वीपच्या माशांवर सिद्ध केलेला ग्रंथ १९८० मध्ये आला. त्यात ६०३ जातींची नोंद आहे.

या लेखनात स्थानिक नावे शास्त्रीय नावांच्या शेजारी येतात, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य होय. एका अर्थाने बेनेट यांच्या बाटलीतील ‘क्लुपिया डेलिकॅट्युला’ आणि मिनिकॉयच्या कप्प्यातील होंदेली या दोघी सव्वाशे वर्षांनी येथे प्रथमच एकत्र भेटल्या. परंतु संशोधनामागील प्रेरणा निव्वळ जिज्ञासा नव्हती. १९५९ मध्ये लक्षद्वीपमध्ये मत्स्यविभाग स्थापन झाला, १९६३ च्या सुमारास यांत्रिक नौका आल्या आणि १९६९ मध्ये मिनिकॉयला कुप्याचा डबाबंद कारखाना उभा राहिला. तोपर्यंत काठी व गळाची मासेमारी मुख्यतः मिनिकॉयपुरती मर्यादित होती. शासनाने ती अगत्ती, सुहेली, बित्रा यांसारख्या उत्तरेकडील ठिकाणी पसरविण्याचे धोरण स्वीकारले. त्यासाठी पहिला प्रश्न होता : तेथील लगूनमध्ये आमिष आहे काय? जोन्स यांची पाहणी या प्रश्नाचे उत्तर होती. पुढे अगत्तीने कुप्याच्या उत्पादनात मिनिकॉयलाही मागे टाकले. तंत्र गेले, पण अनेक पिढ्यांचा आमिष हाताळण्याचा सराव यंत्राइतक्या सहजपणे दुसऱ्या बेटावर नेता येत नाही, ही गोष्ट नियोजनात फारशी विचारात घेतली गेली नाही असे म्हणावे लागते.

हवाईचा अनुभव

आमिषाचा तुटवडा हा केवळ लक्षद्वीपचा प्रश्न नव्हता. त्याच दशकात पॅसिफिकमधील हवाई बेटांवर याच प्रश्नाला अगदी वेगळे उत्तर शोधले गेले. तेथील कुप्याची मासेमारी ‘नेहू’ नावाच्या मांदेलीवर्गीय माशावर अवलंबून होती आणि तो पुरत नव्हता. म्हणून १९५५ ते १९५९ या काळात मार्केसस बेटांवरील तारलीची एक जात जिवंत आणून हवाईच्या पाण्यात सोडण्यात आली. ती रुजली, पण आमिषाच्या मासेमारीचा आधार होईल इतकी कधीच वाढली नाही. तिच्यासोबत अनवधानाने आलेली म्हणा किंवा अन्य मार्गाने, प्रवाळभित्तीजवळ राहणारी सोनेरी ठिपक्यांची दुसरी एक तारली १९७० च्या दशकात तेथे आढळू लागली आणि तिने मात्र झपाट्याने बस्तान बसविले. जी हवी होती ती वाढली नाही आणि जी कोणी मागितली नव्हती ती पसरली. लक्षद्वीपमध्ये बाहेरून आमिष आणण्याचा असा प्रयोग झाला नाही, ही या बेटांच्या दृष्टीने सुदैवाची गोष्ट मानली पाहिजे.

पाच महिन्यांचे आयुष्य

होंदेलीच्या जीवनक्रमाविषयीचे निर्णायक ज्ञान १९९० च्या दशकाच्या प्रारंभी आले, आणि तेही भारताबाहेरून. सॉलोमन बेटे, किरिबाती आणि मालदीव येथील आमिषमाशांवर मिल्टन, ब्लेबर आणि रॉलिन्सन यांनी केलेल्या अभ्यासात माशाच्या कानातील चुनखडीच्या कणांवर, म्हणजे ओटोलिथवर, दररोज पडणारी सूक्ष्म वलये मोजून वय ठरविण्यात आले. झाडाच्या खोडातील वलये वर्षे सांगतात, ही वलये दिवस सांगतात. त्यातून असे दिसले की होंदेलीचे आयुष्य अवघे काही महिन्यांचे, साधारणतः पाच महिन्यांच्या आतले असते. दोन-तीन महिन्यांतच ती प्रजननक्षम होते. कोकणच्या किनाऱ्यावरील तारली दोन-अडीच वर्षे जगू शकते. तिच्याशी तुलना केली असता होंदेलीचे जीवन किती घाईचे आहे, हे ध्यानात येते.

दुसरे वैशिष्ट्य अंड्यांचे. तारलीची अंडी पाण्यात तरंगतात आणि प्रवाहाबरोबर दूरवर जातात. स्प्राटेलॉइडिस प्रजातीतील माशांची अंडी मात्र बुडणारी असून तळाला चिकटतात. म्हणजे लगूनचा तळ हेच त्यांचे प्रसूतिगृह होय. पुढची पिढी बाहेरून प्रवाहाने येईल, या भरवशावर राहता येत नाही.

या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की मच्छीमारांचा अनुभव उलगडतो. होंदेलीचे प्रमाण वर्षावर्षाला आणि महिन्यामहिन्याला फार बदलते, असे ते सांगत आले आहेत. जिचे आयुष्यच पाच महिन्यांचे, तिचा साठा मागील वर्षाच्या शिलकीवर चालू शकत नाही. दर काही महिन्यांनी नवी पिढी उभी राहिली तरच ती आहे, नाही तर नाही. उलट एखाद्या हंगामात ती विरळ झाली तरी परिस्थिती अनुकूल असल्यास लवकर सावरते. पावसाळ्यात समुद्र खवळल्यामुळे जून ते ऑगस्टपर्यंत मासेमारी जवळजवळ बंद राहते. हा खंड मच्छीमारांनी होंदेलीसाठी ठेवलेला नाही; पण एवढ्या काळात तिची एक पूर्ण पिढी निर्वेध वाढू शकते. दीर्घायुषी माशांच्या बाबतीत आकाराची किमान मर्यादा घालून दिली जाते. पाच महिने जगणाऱ्या माशाला ती लावून काही साधत नाही. त्याच्या बाबतीत संरक्षण करावयाचे ते तळाचे, गवताचे आणि प्रवाळाचे.

प्रवाळ आणि वही

१९९८ च्या एल निनोच्या वर्षी समुद्राचे तापमान वाढून लक्षद्वीपच्या प्रवाळांचे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले, म्हणजे ते पांढरे पडले आणि त्यांतील बरेच मेले. २०१० आणि २०१६ मध्ये पुन्हा असेच घडले. २०२४ च्या मे महिन्यात केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने लक्षद्वीपमधील प्रवाळांचे तीव्र विरंजन झाल्याचे जाहीर केले. ऑक्टोबर २०२३ पासून तेथे दीर्घकाळ सागरी उष्णतेची लाट होती. क्रोमिस व कार्डिनल मासे जिवंत प्रवाळाच्या फांद्यांत लपतात, त्यामुळे त्यांच्यावरील परिणाम सरळ आहे. होंदेली वाळूवर फिरते, म्हणून ती सुरक्षित आहे असा तर्क केला जातो. तो अपुरा वाटतो. लगूनचे पाणी शांत ठेवणारी भित्तीच खचली तर लाटा आत शिरतात, वाळू हलते आणि ज्या तळावर अंडी चिकटायची तो तळ स्थिर राहत नाही.

या संदर्भात आकडेवारीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. संस्थेने १९८९ मध्ये लक्षद्वीपच्या सागरी संपदेवर काढलेल्या विशेष पुस्तिकेत आमिषमाशांना स्थान आहे. परंतु वर्षानुवर्षे प्रसिद्ध होणाऱ्या मत्स्योत्पादनाच्या तक्त्यांचा मूळ घटक ‘किनाऱ्यावर उतरलेला मासा’ हा आहे. होंदेली किनाऱ्यावर उतरतच नाही. ती लगूनमधून उचलली जाते आणि भित्तीपलीकडे पाण्यात फेकली जाते. दोन्ही वेळा ती समुद्रातच असते. अशा स्थितीत काठी व गळाने धरलेला कुपा पर्यावरणस्नेही म्हणून जगभर चढ्या भावाने विकला जात असताना (मालदीवच्या या मासेमारीला २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रही मिळाले), त्यामागे किती आमिष खर्ची पडले, हे तक्त्यातून कळत नाही. गळाला एक वेळी एकच मासा लागतो, म्हणून ही पद्धत निर्दोष, हे म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेला अर्धा भाग कप्प्यात असतो.

अलीकडच्या काळात लक्षद्वीपमध्ये दक्षिण फाउंडेशन या संस्थेच्या सहकार्याने मच्छीमार स्वतः आपल्या फेऱ्यांच्या नोंदी ठेवू लागले आहेत. नावेवरच्या वहीत दिवसभराचा कुपा तर लिहिला जातोच. त्याच्यासोबत त्या सकाळी कोणते आमिष मिळाले, कोठे मिळाले आणि किती, हेही लिहिले जाते. इब्न बतूतापासून मोजले तर कुप्याच्या नोंदीला पावणेसात शतके होतात. होंदेलीच्या रकान्याला अजून दोन दशकेही झालेली नाहीत.